परक्याचा पूर्वपक्ष

अकराव्या शतकात गझनी शहरातल्या मशिदीच्या दाराशी एक दगड टाकलेला होता. नमाजाला येणारी माणसे पायांची धूळ, चिखल त्यावर पुसून आत जात. तो सोमनाथच्या लिंगाचा तुकडा होता. महमूद गझनवीने १०२५-२६ च्या स्वारीत लिंगाचा वरचा भाग फोडायला लावला आणि उरलेला गझनीला नेला. त्यातला काही भाग तिथल्या घोड्यांच्या मैदानात, ठाणेसरहून आणलेल्या चक्रस्वामीच्या ब्राँझच्या मूर्तीसोबत पडला होता आणि काही या मशिदीच्या दारासमोर.

हे ज्याने लिहून ठेवले तो स्वतः श्रद्धावान मुसलमान होता आणि गझनीच्या दरबाराशी बांधलेला होता. त्याचे नाव अबू रैहान अल्बेरुनी. ज्या ग्रंथात हे लिहिले त्याच ग्रंथात तो हिंदू लोक मूर्तीची पूजा का करतात हे इतक्या शांतपणे समजावून सांगतो की वाचणारा थबकतो. परक्या धर्माच्या माणसाला समजून घेणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारायला याहून चांगली जागा मिळणे कठीण आहे. भोवती मोडलेली देवळे आहेत, लूट आहे, गुलाम आहेत आणि त्यात एक माणूस संस्कृतचे धडे गिरवतो आहे.

अल्बेरुनीचा जन्म ९७३ मधला, आजच्या उझबेकिस्तानातल्या ख्वारिझम प्रदेशातला. गणित आणि खगोलशास्त्र हे त्याचे खरे प्रांत. १०१७ मध्ये महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर त्यालाही गझनीला नेले. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्या वयात त्याने संस्कृत शिकायला घेतले, पदरमोड करून पोथ्या मिळवल्या, दूरदूरचे पंडित गाठले. पंजाबातल्या नंदना किल्ल्यावर त्याने डोंगराची उंची आणि क्षितिजाचा कोन घेऊन पृथ्वीची त्रिज्या मोजली. सांख्य आणि पातंजल योग यांवरचे ग्रंथ अरबीत नेले. उलट दिशेनेही काम केले. युक्लिड आणि टॉलेमी हिंदू विद्वानांना कळावेत म्हणून तो त्यांचे संस्कृत श्लोक रचायला बसत असे. १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावरचा आपला मोठा ग्रंथ पुरा केला. ८० प्रकरणांचा हा ग्रंथ आपल्याकडे ‘किताब-उल-हिंद’ या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात अल्बेरुनी कधी आला नाही, पण ऐकीव माहितीवरून लिहिलेल्या मार्गवर्णनात मऱ्हाट देश येतो, कोकण येते आणि कोकणची राजधानी म्हणून ठाणेही येते.

ग्रंथ लिहिण्याचे निमित्त प्रस्तावनेत आले आहे. अबू सह्ल नावाच्या एका वडीलधाऱ्या विद्वानाशी बोलताना गोष्ट निघाली की, एका लेखकाने मुताझिला या मुसलमानांमधल्याच पंथाचे मत विपर्यास करून मांडले आहे. ईश्वराचे ज्ञान त्याच्या स्वरूपातच आहे, असे त्या पंथाचे म्हणणे. लेखकाने ते सांगितले असे की, ईश्वराला ज्ञानच नाही. दोघांचे एकमत झाले की दुसऱ्यांच्या मतांवर लिहिणारे बहुतेक जण हेच करतात आणि हिंदूंविषयी जे लिहिले गेले आहे ते तर निव्वळ ऐकीव आहे. मग अबू सह्लनेच आग्रह धरला की, तुला त्यांच्याकडून थेट कळलेले तू लिही. अल्बेरुनीने लिहिले आणि आरंभीच सांगून टाकले की, हे वादासाठी लिहिलेले पुस्तक नाही. हिंदूंचे म्हणणे ते स्वतः जसे मांडतील तसे मी मांडणार, आणि ते आमच्या सत्याशी जुळत नसले तरी मध्येच थांबून खंडन करणार नाही.

भारतीय शास्त्रपरंपरेत वाढलेल्या वाचकाला ही शिस्त ओळखीची वाटेल. वादात उतरण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडायचा, तोही त्याच्या ताकदीचा पुरता मान ठेवून, हा इथल्या दर्शनकारांचा दंडक. पूर्वपक्ष मांडून खंडन न करणारा एक सन्माननीय अपवादही आहे. आठव्या शतकातल्या जैन आचार्य हरिभद्रांचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ शंभर श्लोकांचाही नाही. त्यात बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक, मीमांसक आणि शेवटी लोकायत अशी मते ओळीने, कुणालाही न पाडता येतात. एरवी मात्र पूर्वपक्ष मांडला जातो तो उत्तरपक्षाने, म्हणजे आपल्या उत्तराने, जिंकावे म्हणून. अल्बेरुनीने बहुतेक ग्रंथभर उत्तरपक्ष आवरून धरला. परक्याला समजून घेण्याची जी वृत्ती आज आपण सहानुभूती म्हणून ओळखतो, तिचा कणा हाच आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. कळवळा नंतर येतो, कधी येतही नाही. समोरचा माणूस ऐकून मान डोलावेल आणि म्हणेल की हो, माझे म्हणणे हेच आहे, अशा रीतीने त्याची बाजू मांडता येणे ही पहिली पायरी आहे.

अल्बेरुनी हे भाबडेपणाने करत नव्हता. पहिल्याच प्रकरणात तो अडथळ्यांची यादी देतो. भाषा अवघड, एका वस्तूला दहा नावे, नकलाकार बेफिकीर, शास्त्रेसुद्धा छंदात बांधलेली. धर्म पूर्ण वेगळा. हिंदू परकीयांना म्लेंच्छ म्हणतात, त्यांच्याशी खाणेपिणे, उठणेबसणे टाळतात. आमच्या पेहरावाचा बागुलबुवा दाखवून मुलांना घाबरवतात, असेही तो नोंदवतो. इथे सामान्य लेखक रागावून पुढे गेला असता. अल्बेरुनी लगेच पुस्ती जोडतो की परक्यांना असे हिणवणे हिंदूंमध्ये आहे तसे आमच्यातही आहे, किंबहुना सगळ्याच लोकांमध्ये आहे. पुढे तो आणखी अवघड गोष्ट लिहितो. महमूदाच्या स्वाऱ्यांनी त्या देशाची भरभराट धुळीला मिळवली, हिंदू धुळीच्या कणांसारखे दाही दिशांना विखुरले, आणि जे उरले त्यांच्या मनात मुसलमानांविषयी तीव्र तिटकारा बसला, तिथली विद्या आमच्या हाती न लागणाऱ्या दूरच्या प्रदेशांत निघून गेली. समोरच्याच्या द्वेषाचे एक कारण आपल्या माणसांनी केलेल्या कृत्यात आहे, हे त्याने सुलतानाच्या राजधानीत बसून लिहिले.

हिंदूंच्या अहंकारावरही त्याने स्पष्ट लिहिले आहे. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखी विद्या नाही, अशी त्यांची समजूत. खुरासानात किंवा इराणात कुणी शास्त्रज्ञ आहे असे सांगितले तर सांगणाऱ्याला ते खोटा ठरवतात. हे लोक हिंडले-फिरले, इतरांत मिसळले तर त्यांचे मत बदलेल, त्यांचे पूर्वज असे नव्हते, हे सांगताना तो वराहमिहिराची साक्ष काढतो. ग्रीक म्लेंच्छ असले तरी शास्त्रात पारंगत आहेत म्हणून त्यांचा मान ठेवावा, असे वराहमिहिराने सांगितले होते. म्हणजे हिंदूंना दोष देतानाही निकष घेतला आहे तो हिंदूंच्याच एका थोर माणसाचा.

मूर्तिपूजेच्या प्रकरणात ही पद्धत सर्वांत उजळून दिसते. त्याच्या दृष्टीने मूर्तिपूजा ही मोठी चूक होती, याबद्दल शंका नको. पण त्याची सुरुवात तिथून होत नाही. ग्रंथात देवाविषयीचे प्रकरण आधी येते. हिंदूंचे विचारी लोक ईश्वराला एक, अनादि, अनंत मानतात, हे तो पातंजल, सांख्य आणि गीतेच्या आधारे दाखवतो. दुसऱ्याच्या धर्माकडे पाहताना त्याच्या विचित्र वाटणाऱ्या टोकापासून नव्हे तर त्याच्या सर्वोत्तम विचारापासून आरंभ करायचा, ही निवड साधी नाही. आजही कुठल्याही दोन समाजांतला वाद ऐकला तर बहुधा उलटेच दिसते. आपल्यातला संत आणि त्यांच्यातला गुंड यांची तुलना होते.

मूर्तींवर आल्यावर तो सांगतो की सामान्य माणसाचे मन अमूर्ताकडे वळत नाही, त्याला डोळ्यांना दिसणारे काही लागते. आणि मग तो वाचकाला, म्हणजे आपल्याच धर्मबांधवाला, एक प्रसंग कल्पायला लावतो. एखाद्या अशिक्षित मुसलमान बाईला किंवा पुरुषाला पैगंबरांचे किंवा मक्केचे आणि काबाचे चित्र दाखवा. ते त्या चित्राचे मुके घेतील, गाल घासतील, धुळीत लोळण घेतील, जणू समोर चित्र नसून प्रत्यक्ष तेच आहे आणि आपली हज-उमरा इथेच घडते आहे. गझनीत पाय पुसायच्या दगडाची हकीकत सांगणारा हा माणूस आपल्या वाचकाला म्हणतो आहे की ज्या ओढीने ते लोक त्या दगडापुढे वाकत होते ती ओढ तुझ्या घरातही आहे, तुझ्या आईत आहे.

हेच सूत्र तो पुन्हा पुन्हा वापरतो. हिंदूंच्या अजब वाटणाऱ्या चालीरीतींची जंत्री दिल्यावर, इस्लामपूर्व अरबांच्या रीतीही वाईट होत्या, तेव्हा एकट्या हिंदूंना नावे ठेवू नयेत, असे बजावतो. तत्त्वज्ञानाच्या बाबतीत ग्रीकांची, सूफींची, ख्रिस्ती लोकांची मते शेजारी आणून ठेवतो. वाचकाने दुसऱ्याकडे दाखवलेले बोट वळून स्वतःकडे यावे, अशी ही मांडणी आहे.

एक उदाहरण तर फारच हृद्य आहे. ब्रह्मगुप्ताला ग्रहणाचे खरे कारण ठाऊक होते. तरीही ‘ब्रह्मसिद्धान्ता’त एके ठिकाणी तो राहूच्या बाजूने बोलतो, श्रुति-स्मृतींचा दाखला देतो. अल्बेरुनी शास्त्रज्ञ, त्याला हा विद्येशी केलेला द्रोह वाटला आणि त्याने तसे लिहिलेही. पण तिथे तो थांबला नाही. एवढा मोठा गणिती असे का बोलला असेल, याचा त्याने विचार केला आणि त्याला सॉक्रेटिस आठवला. समाजाच्या विरोधात उभे राहणाऱ्याला जे भोगावे लागते त्या भयाने त्याच्या तोंडून हे वदवले असावे, असा तर्क त्याने केला. चार शतकांपूर्वी होऊन गेलेल्या, परधर्मी, परभाषी गणितज्ञाच्या मनातली कोंडी त्याला जाणवली. चूक ती चूकच ठेवून चुकणाऱ्याला माणूस म्हणून पाहणे, हे बहुतेक विद्वानांना स्वतःच्या समकालीन सहकाऱ्यांबाबतही जमत नाही.

याला सहानुभूती म्हणावे की केवळ काटेकोर विद्वत्ता, हा आक्षेप घेता येतो. विसाव्या शतकात मानववंशशास्त्रात या प्रश्नावर मोठी चर्चा झाली. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून ‘स्थानिकांच्या नजरेने’ पाहण्याचा आदर्श घालून देणारा अभ्यासक. १९६७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, त्याची खासगी रोजनिशी छापली गेली. तीत त्याच लोकांविषयीची चीड, तुच्छता आणि कंटाळा पानोपानी होता. अभ्यासकांना धक्का बसला. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झने १९७४ च्या एका निबंधात त्यावरून वेगळाच निष्कर्ष काढला. दुसऱ्याच्या अंतरंगात शिरण्याची काही अद्भुत शक्ती लागते ही कल्पनाच सोडून द्या, असे त्याने सुचवले. ते लोक ज्या कल्पनांच्या, शब्दांच्या, प्रतीकांच्या साहाय्याने जग पाहतात त्या नीट समजून घेतल्या की पुरे. त्यांच्यासारखे वाटून घेण्याची गरज नाही.

गीर्ट्झचा मुद्दा बराचसा पटतो. एडवर्ड एव्हन्स-प्रिचर्डने दक्षिण सुदानातल्या अझांदे लोकांवर १९३७ मध्ये जे पुस्तक लिहिले त्यात याची साक्ष मिळते. उन्हात तापलेले लोक धान्याच्या कोठाराखाली सावलीला बसलेले असतात आणि कोठार कोसळून माणसे जखमी होतात. अझांदे म्हणतात, हे चेटूक. खांब वाळवीने पोखरले होते हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्यांचा प्रश्न पुढचा असतो. नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना, नेमके याच घटकेला ते का कोसळले? त्याचे उत्तर शोधायला ते कोंबडीच्या पिल्लाला विशिष्ट विष देतात आणि ते जगते की मरते यावरून कौल घेतात. एव्हन्स-प्रिचर्डने तिथे असताना आपल्या घरचे व्यवहारही याच कौलाने चालवले आणि तेही ठीकच चालले, असे त्याने नमूद केले आहे.

मराठी वाचकाला हे ऐकून आफ्रिकेतला रानटीपणा आठवत असेल तर त्याने अल्बेरुनीची पद्धत वापरून पाहावी. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवीकडची पडते की डावीकडची, यावरून होकार-नकार समजायचा. लग्न जमवणे, जमिनीचा वाद, घरातले सततचे आजारपण, मुंबईहून खास रजा काढून आलेला सुशिक्षित चाकरमानीही अशा गोष्टींसाठी देवळात हात जोडून उभा राहतो. त्याला डॉक्टरवर विश्वास नसतो असे नाही. ‘माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरकडे नसते, एवढेच. अझांदे माणूस आणि हा चाकरमानी एकमेकांना न भेटताही एकमेकांचे म्हणणे समजू शकतील.

तरीही गीर्ट्झ म्हणतो ते सर्वस्वी पुरे पडत नाही. काही गोष्टी कल्पनांच्या मांडणीतून हाती येत नाहीत. रेनातो रोसाल्दो या अमेरिकी अभ्यासकाची कहाणी इथे सांगायला हवी. तो आणि त्याची पत्नी मिशेल, दोघेही मानववंशशास्त्रज्ञ. १९६७ पासून ते फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या उत्तर भागात इलोंगोत जमातीत राहिले. या जमातीत माणसाचे मुंडके कापण्याची रीत होती. ती का, असे विचारल्यावर वयस्क पुरुष एकाच वाक्यात उत्तर देत. जिवलगाच्या मृत्यूच्या दुःखातून संताप उसळतो, आणि तो संताप फेकून देण्यासाठी माणूस मुंडके कापतो. कापलेले मुंडकेही ते जपून ठेवत नसत, फेकूनच देत. रोसाल्दोला हे उत्तर फार उथळ वाटले. त्यामागे काही खोल सामाजिक नियम असणार, मृत्यूच्या बदल्यात मृत्यू अशी काही देवघेव असणार, म्हणून तो वर्षानुवर्षे शोधत राहिला. इलोंगोतांना विचारले तर ते म्हणत, असे काही नाही, आम्ही सांगितले तेच कारण.

ऑक्टोबर १९८१ मध्ये लुझॉनमध्येच, दुसऱ्या एका जमातीत अभ्यास सुरू करताना, मिशेल डोंगरातल्या पायवाटेवरून घसरून दरीत पडली आणि गेली. रोसाल्दोने पुढे लिहिले की तिचा देह सापडला तेव्हा त्याला दुःखाआधी संताप आला. ती अशी टाकून कशी गेली, पडण्याइतकी निष्काळजी कशी झाली, असा तो संताप होता. चौदा वर्षांपूर्वी ऐकलेले वाक्य त्याला त्या दिवशी कळले. आपल्या संस्कृतीने दुःखात रडायची मुभा दिली होती, संताप मात्र लपवायला शिकवले होते, म्हणून इलोंगोत म्हाताऱ्यांचे सरळ उत्तर त्याला अपुरे वाटत राहिले होते.

यातून कुणी असा अर्थ काढेल की दुसऱ्याला समजण्यासाठी त्याच्याएवढे दुःख भोगावे लागते. तसे असते तर समजून घेणे ही केवळ नशिबाची गोष्ट ठरली असती. रोसाल्दोच्या कहाणीत अधिक महत्त्वाचे काही आहे. इलोंगोतांनी पहिल्याच दिवशी खरे सांगितले होते. त्यांचा पूर्वपक्ष पूर्ण होता, आणि विद्वान तो स्वीकारायला तयार नव्हता. तुम्ही म्हणता ते तुमचे खरे कारण नाही, खरे कारण मला ठाऊक आहे, ही वृत्ती परकी संस्कृती समजण्याच्या आड येणारी सर्वांत जुनी आणि सर्वांत सुशिक्षित आडकाठी आहे. रोसाल्दोने मुंडकी कापण्याचे समर्थन कधीही केले नाही. समजणे आणि संमती देणे यांतले अंतर त्याने पक्के राखले, अल्बेरुनीने राखले तसेच.

समजून घेण्याचा उपयोग कशासाठी होतो, हा प्रश्नही टाळता येत नाही. गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री आला. त्याने इथली भाषा अशी आत्मसात केली की मराठी ओवीत त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ लिहिले. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमी लिपीत छापले गेले. ज्यांची पुराणे हिरावली गेली त्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला, म्हणायला काही हवे आहे, ही त्यांची भूक त्याला कळली. मराठी भाषेवरचे त्याचे प्रेम खोटे मानण्याचे कारण नाही. पण तो येण्याआधी साष्टीतली देवळे पाडली गेली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते, आणि हे पुराण लोकांना नव्या धर्मात स्थिर करण्यासाठीच लिहिले गेले होते. इथे समोरच्याचे मन जाणले गेले, पण त्याला आपला उत्तरपक्ष मांडायची मोकळीक नव्हती. स्टीफन्सची ओवी वाचताना आनंद होतो आणि त्याच वेळी ही गोष्टही लक्षात ठेवावी लागते.

अल्बेरुनीतही एक उणीव आहे, आणि ती मोठी आहे. जातिभेदाविषयी त्याने रोखठोक लिहिले. आमच्या मते धर्मनिष्ठेखेरीज माणसामाणसांत भेद नाही, आणि आमच्यात व हिंदूंत समजूत होण्याच्या आड येणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच, असे तो म्हणतो. चार वर्णांच्या बाहेरच्या लोकांची नावेही देतो. धोबी, चांभार, बुरूड, नावाडी, कोळी, पारधी, विणकर, त्यांच्याही पलीकडे डोंब आणि चांडाळ. पण तो बोलला पंडितांशी, वाचल्या त्या पंडितांच्या पोथ्या. त्या चांभाराचे किंवा विणकराचे देवाविषयी काय म्हणणे होते, हे त्याच्या ८० प्रकरणांत कुठेही नाही. ‘हिंदू असे मानतात’ या वाक्यातला हिंदू बहुतेक वेळा ब्राह्मण आहे. परक्या समाजाला समजून घेणारा नेहमी त्या समाजातल्या ज्यांच्याकडे पोथी आहे, ज्यांना बोलायची सवय आहे, त्यांच्याच दारी जातो. आणि उरलेल्यांचा पूर्वपक्ष उरूनच राहतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या धनगरांच्या ओव्या, बिरोबा-म्हसकोबाच्या कथा यांचा मोठा ठेवा ग्रंथांत यायला गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाला त्या लोकांबरोबर रानोमाळ हिंडावे लागले. पुण्यातल्या विद्वानांना ते लोक अधिक जवळ होते.

म्हणून ‘दुसरी संस्कृती’ दरवेळी समुद्रापलीकडे नसते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. पंढरपूरला ज्या प्रदेशातले लोक वारीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना सुचलेली व्याख्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच लेखातला दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. दिवसभर सगळे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, आणि मुक्कामाला पोचले की चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. इरावतीबाईंना हे सहन होईना. त्या जाऊन मराठा बायांच्या पंक्तीला जेवल्या. त्यानंतर चित्र बदलले. बाया मोकळ्या झाल्या, हातात हात घालून चालू लागल्या, घरच्या हकिकती सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. वारी संपत आली तेव्हा काहींनी पुण्याला त्यांच्या घरी यायचे ठरवले. त्यावर एका तरुण मुलीने विचारले की आता वागता आहात तसेच तुम्ही तिथेही आमच्याशी वागाल का? हा प्रश्न काळजाला भिडला, असे इरावतीबाईंनी प्रांजळपणे लिहिले आहे. शतकानुशतके शेजारी राहूनही आपण त्यांचे झालो नाही, ते आपले झाले नाहीत, ही वेदना त्या लेखात आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाने सगळ्या चर्चेला जमिनीवर आणले. वाटेवर, अभ्यासात, प्रवासात दुसऱ्याला समजून घेणे तुलनेने सोपे असते, कारण तिथून परत यायचे असते. घराच्या उंबरठ्यावर ते अवघड जाते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये भाड्याचे घर द्यायचे की नाही हे आजही आडनाव विचारून, खाणे विचारून ठरते. ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलांना त्यांच्या चेहऱ्यावरून हाका मारल्या जातात. यातले बरेचसे द्वेषातून होत नाही. समोरच्याच्या जगण्याला काही म्हणणे असेल, त्याच्या व्रताला, जेवणाला, पेहरावाला त्याच्या परीने काही अर्थ असेल, ही शक्यताच मनात आलेली नसते.

दरवर्षी ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांना वंदन करायला लाखो माणसे दादरच्या चैत्यभूमीवर येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेली ही माणसे, त्यांत म्हाताऱ्या बाया, कडेवर मूल घेतलेल्या तरुण आया. आसपासच्या वस्तीत त्या दिवशी गर्दीविषयी, अस्वच्छतेविषयी तक्रारीचा सूर ऐकू येतो. शिवाजी पार्कवर त्या दिवशी पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात आणि आलेले लोक पिशव्या भरून पुस्तके घेऊन गावी परततात. अल्बेरुनीच्या ग्रंथात ज्या चांभाराला आणि विणकराला बोलायला जागा मिळाली नाही, त्यांच्या वारशातली माणसे इथे स्वतःची बाजू स्वतः लिहून, छापून, विकत घेऊन नेत आहेत. मुंबईकर वाचकाने या डिसेंबरात तिथे जावे, एखादे पुस्तक घ्यावे आणि रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या मावशींना विचारावे की इतक्या लांबून तुम्ही का आलात. त्या सांगतील तेच कारण खरे मानावे.